सांडपाण्यातला रंग नॅनोकणांनी काढताना: कण बनवण्यापासून पाणी तपासेपर्यंत

कापड, कागद, चामडं रंगवून झालं की रंगाचा एक हिस्सा पाण्यात उरतो. रिअॅक्टिव्ह रंगांच्या बाबतीत तो बराच मोठा असतो, कारण धाग्याशी रासायनिक बंध करणाऱ्या या रंगांचा काही भाग धाग्याला चिकटण्याआधीच पाण्याशी अभिक्रिया करून निकामी होतो. बरेच रंग लिटरमागे एक मिलिग्रॅम इतके कमी असले तरी डोळ्यांना दिसतात. पाण्यात खोलवर जाणारा उजेड ते अडवतात आणि पाणवनस्पतींवर त्याचा परिणाम होतो. शिवाय ऊन, साबण, घाम यांना दाद देऊ नये अशाच बेताने हे रेणू घडवलेले असतात. त्यामुळे जिवाणूंच्या नेहमीच्या टाकीतून ते फारसे न बदलता बाहेर पडतात.

धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण इथे दोन प्रकारे उपयोगी पडतात. रंगाचा रेणू कणाच्या पृष्ठभागावर चिकटतो, ते अधिशोषण. कणावर प्रकाश पडून तयार झालेले क्रियाशील घटक रेणू तोडतात, ते प्रकाश-उत्प्रेरण. पहिल्यात रंग पाण्यातून निघून पावडरीवर बसतो, संपत नाही. दुसऱ्यात तो खरोखर मोडतो, पण पूर्ण मोडेलच असं नाही. बीकरमधलं पाणी दोन्ही वेळा सारखंच स्वच्छ दिसतं. म्हणून प्रयोगाची आखणी करतानाच कोणता रंग चिकटून गेला, कोणता तुटून गेला आणि तुटल्यावर काय उरलं, याचा हिशेब लागेल अशी सोय करावी लागते. खालची प्रत्येक पायरी त्यासाठी आहे.

कोणतं ऑक्साइड निवडायचं

प्रकाशाने रंग तोडायचा असेल तर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड घ्या. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचं इलेक्ट्रोड वापरून प्रकाशाने पाण्याचं विघटन दाखवलं. त्यानंतर या पदार्थावर इतकं काम झालं आहे की तुलनेसाठी तोच प्रमाण मानला जातो. त्याच्या अॅनाटेज या स्फटिकरूपाचा बँड गॅप (आतला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश हवा. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप सुमारे ३.३ आहे. दोघांनाही अतिनील किरण लागतात आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो.

झिंक ऑक्साइड बनवायला सोपं आणि कामाला वेगवान आहे, पण त्यात एक खोट आहे. आम्लात ते विरघळतं, तीव्र अल्कलीतही विरघळतं, आणि प्रकाशात वापरताना हळूहळू झिजून जस्ताचे आयन पाण्यात सोडतं. रंग गेला आणि जस्त आलं, असा सौदा जलचरांना परवडणारा नाही. पाण्याचा पीएच ६ ते ९ च्या बाहेर जाणार असेल तर टायटॅनियम डायऑक्साइडच बरं.

फक्त अधिशोषण करायचं असेल तर मॅग्नेटाइट हे लोहाचं ऑक्साइड चांगलं. काम झाल्यावर ते चुंबकाने गोळा करता येतं आणि नॅनोकण पाण्यात राहून जाण्याची मोठी अडचण तिथेच सुटते.

झिंक ऑक्साइड बनवणं

पहिल्यांदा करणाऱ्याने अवक्षेपणाची, म्हणजे द्रावणातून घन साका पाडण्याची, पद्धत धरावी. झिंक अॅसिटेट डायहायड्रेट २.२ ग्रॅम घ्या आणि १०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, हे झालं ०.१ मोलर द्रावण. वेगळ्या बीकरमध्ये ०.८ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड १०० मिलि पाण्यात. पहिलं द्रावण मॅग्नेटिक स्टररवर जोरात फिरत ठेवा आणि अल्कली ब्युरेटमधून थेंबथेंब सोडा. अर्धा-पाऊण तास लागू द्या. घाई केली तर गुठळ्या मोठ्या होतात आणि कणांच्या आकारात एकसारखेपणा राहत नाही. पांढरा साका तयार होत जाईल. अधूनमधून पीएच बघत राहा. तो १० च्या आसपास आला की अल्कली बंद करा, कारण त्याच्या फार पुढे गेलात तर साका झिंकेट हा विरघळणारा क्षार होऊन परत विरघळू लागतो.

आणखी दोन तास ढवळा. मग सेंट्रिफ्यूज करून साका वेगळा करा आणि धुवा. ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त टाळलीही जाते. प्रत्येक वेळी साका नव्या पाण्यात नीट विस्कटायचा, पुन्हा फिरवायचा, वरचं पाणी टाकायचं. धुवणाचा पीएच ७ च्या जवळ येईपर्यंत हे चालू ठेवायचं आणि शेवटी एकदा इथेनॉलने धुवायचं. सोडियम आणि अॅसिटेट मागे राहिले तर पुढे पृष्ठभागाचा विद्युतभार आणि द्रावणाचा पीएच दोन्ही बिघडतात, आणि दोष मात्र रंगाला लावला जातो.

८० अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवा, खलात हलक्या हाताने बारीक करा आणि मफल भट्टीत ४०० अंशांना दोन तास ठेवा. तापमान मिनिटाला पाचेक अंशांनी वाढवत न्या. हिशेबाने ०.८१ ग्रॅम पावडर मिळायला हवी. धुताना थोडी जातेच. वजन याहून जास्त भरलं तर आत ओल, अॅसिटेट किंवा हायड्रॉक्साइड उरलं आहे असं समजा.

एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये कॉपर के-अल्फा किरणांनी ३१.८, ३४.४ आणि ३६.२ अंशांजवळ तीन ठळक शिखरं दिसली की झिंक ऑक्साइड नेहमीच्या षट्कोनी रचनेत तयार झालं. शिखरांच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या शेरर समीकरणातून येणारा आकार स्फटिकाचा असतो. कण अनेक स्फटिकांचा गोळा असू शकतो, त्यामुळे त्या आकड्याला कणाचा आकार म्हणायचं असेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र सोबत हवंच.

मॅग्नेटाइटची कृती थोडक्यात अशी. फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट २.७ ग्रॅम आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट १ ग्रॅम घ्या, म्हणजे फेरिक आणि फेरसचं प्रमाण २ ला १ राहतं. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढलेल्या ५० मिलि पाण्यात ती विरघळवा, ७० अंशांपर्यंत तापवा आणि पीएच १० ते ११ होईपर्यंत अमोनिया घाला. साका लगेच काळाभोर व्हायला हवा. तो तपकिरी दिसला तर हवा आत शिरली आहे आणि फेरसचं ऑक्सिडीकरण झालं आहे.

पावडर कोरडी असताना ती हवेत उडते. टायटॅनियम डायऑक्साइड श्वासावाटे घेतल्यास कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात, म्हणजे २-ब मध्ये, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठेवलेलं आहे. वजन करणं, खलणं ही कामं फ्यूम हूडमध्ये आणि चांगला मास्क लावून करा. शक्य तिथे पावडर ओल्या लगद्याच्या रूपातच हाताळा.

रंगाचं द्रावण आणि कॅलिब्रेशन

सरावासाठी मेथिलीन ब्लू चालतो. धनभारित रंग आहे, सर्वाधिक शोषकता (द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचं माप) ६६४ नॅनोमीटरला. ऋणभारित रंग हवा असेल तर मेथिल ऑरेंज किंवा काँगो रेड. मेथिलीन ब्लूच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचा. तो ट्रायहायड्रेट असेल तर १०० मिलिग्रॅममध्ये खरा रंग साधारण ८५.५ मिलिग्रॅमच असतो, आणि ही चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात उतरते.

लिटरला १००० मिलिग्रॅमचं मूळ द्रावण करून गडद बाटलीत ठेवा. त्यातून ०.५, १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅम प्रति लिटरची द्रावणं बनवून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर शोषकता मोजा आणि सरळ रेषा काढा. इथेच थांबायचं कारण असं की ४ च्या आसपास शोषकता १ च्या घरात जाते. १० मिलिग्रॅमच्या द्रावणाचं रीडिंग २ च्या जवळपास किंवा वर येईल आणि तिथे उपकरणावर विसंबता येत नाही. शिवाय मेथिलीन ब्लूचे रेणू दाट द्रावणात जोड्या करतात, त्यामुळे रेषा वाकते. दाट नमुना मोजण्याआधी पातळ करा आणि उत्तर तितक्या पटीने वाढवा.

हा रंग काचेलाही धरतो. प्रत्येक रीडिंगनंतर क्युव्हेट, म्हणजे नमुना मोजायची छोटी नळी, इथेनॉलने आणि मग पाण्याने धुतला नाही, तर शेवटच्या फिकट नमुन्यांमध्ये आधीच्या नमुन्याचा रंग मिसळतो.

पीएच आधी ठरवा

प्रत्येक ऑक्साइडचा एक पीएच असा असतो जिथे पृष्ठभागावरचा भार शून्य होतो. टायटॅनियम डायऑक्साइडसाठी तो साधारण ६ ते ६.५, झिंक ऑक्साइडसाठी ९ च्या आसपास. त्याच्या खाली पृष्ठभाग धनभारित, वर ऋणभारित. मेथिलीन ब्लू ऋण पृष्ठभागाला चिकटतो, काँगो रेड धन पृष्ठभागाला. आपल्या नमुन्याचा शून्यभार बिंदू स्वतः काढा. ०.०१ मोलर मिठाच्या पाण्याच्या काही बाटल्या वेगवेगळ्या पीएचला आणा, सारखी पावडर घाला, २४ तास हलवा आणि पीएच कुठे बदलला नाही ते पाहा. झिंक ऑक्साइडसाठी आम्लाच्या टोकाच्या बाटल्या वगळा, तिथे पावडरच विरघळते.

मेथिल ऑरेंज आणि काँगो रेड हे आम्लात रंग बदलणारे दर्शकही आहेत. मेथिल ऑरेंज पीएच ३.१ ते ४.४ च्या दरम्यान लाल ते पिवळा बदलतो, काँगो रेड ३ च्या आसपास निळा पडतो. पीएच ३ ला प्रयोग करून ४६४ नॅनोमीटरलाच मेथिल ऑरेंज मोजला, तर रंग घटला की नुसता बदलला ते कळणार नाही. सगळे नमुने मोजण्याआधी एकाच पीएचला आणणं हाच मार्ग.

मुख्य प्रयोग

लिटरला १० मिलिग्रॅमचं २०० मिलि द्रावण घ्या आणि त्यात १०० मिलिग्रॅम उत्प्रेरक, म्हणजे ऑक्साइडची पावडर, घाला, म्हणजे मात्रा लिटरला ०.५ ग्रॅम झाली. पाच मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवून गुठळ्या मोडा. मग बीकर फॉइलने पूर्ण झाकून अंधारात ३० मिनिटं ढवळा. दर दहा मिनिटांनी एक नमुना काढा आणि शेवटचे दोन सारखे आले की अधिशोषण स्थिरावलं असं धरा. अर्ध्या तासात स्थिरावलं नाही तर तास द्या. अंधारातला हा टप्पा गाळला तर चिकटलेला रंग तुटलेल्यात धरला जातो.

आता दिवा लावा. ३६५ नॅनोमीटरचा दिवा बरा. २५४ नॅनोमीटरचे किरण उत्प्रेरकाशिवायही कित्येक रंग तोडतात आणि डोळ्यांना व त्वचेला जास्त घातक असतात. गॉगल दोन्हींसाठी सक्तीचा. उन्हात करायचं असेल तर भर दुपारची वेळ घ्या आणि सगळे बीकर एकाच वेळी, शेजारी शेजारी ठेवा. आजचं ऊन आणि उद्याचं ऊन यांची तुलना करता येत नाही. बीकरभोवती गार पाणी फिरवा, नाहीतर पाणी तापून आटतं आणि उरलेला रंग उगाच दाट दिसतो.

०, १०, २०, ३०, ४५, ६० आणि ९० मिनिटांना ३ मिलि नमुना काढा. १०,००० आरपीएमला दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं द्रव अलगद पिपेटने घ्या. सिरिंज फिल्टर वापरणार असाल तर आधी शुद्ध रंगाचं द्रावण त्यातून गाळून पाहा. नायलॉनसारखे काही फिल्टर रंग धरून ठेवतात आणि सगळं श्रेय उत्प्रेरकाला जातं. ६६४ बरोबरच ८०० नॅनोमीटरलाही रीडिंग घ्या. तिथे मेथिलीन ब्लू जवळजवळ काही शोषत नाही, म्हणून आकडा शून्याच्या वर आला तर द्रवात कण उरले आहेत. परत फिरवा.

मुख्य बीकरसोबत दोन बीकर आणखी लागतात, ते नसतील तर प्रयोग अपुरा. एकात रंग आणि प्रकाश, उत्प्रेरक नाही. दुसऱ्यात रंग आणि उत्प्रेरक, पूर्ण वेळ अंधार. तिन्ही शक्यतो तीन-तीनदा करा.

आकड्यांचा अर्थ

उदाहरणासाठी असं धरू की द्रावण १० मिलिग्रॅम प्रति लिटरला सुरू झालं, अंधारानंतर ८.६ राहिलं आणि ६० मिनिटं प्रकाशानंतर १.९. वरवर ८१ टक्के रंग गेला. त्यातले १४ टक्के दिवा लागायच्या आधीच चिकटले होते. प्रकाशाचं काम ८.६ पासून मोजायचं. ८.६ भागिले १.९ याचा नैसर्गिक लॉगॅरिदम १.५१, त्याला ६० ने भागलं की वेगाचा स्थिरांक मिनिटाला ०.०२५ येतो. म्हणजे २७-२८ मिनिटांत रंग निम्मा होतो. हा स्थिरांक दोनच बिंदूंवरून काढू नका, सगळ्या वेळांचा आलेख काढून रेषा सरळ येते का ते पाहा. उत्प्रेरकाशिवायच्या बीकरचा स्थिरांक वेगळा काढून शेजारी लिहा.

अधिशोषणाची क्षमता काढायची तर सुरुवातीच्या प्रमाणातून उरलेलं वजा करा, द्रावणाच्या आकारमानाने गुणा, पावडरीच्या वजनाने भागा. वरच्याच उदाहरणात १.४ गुणिले ०.२ लिटर भागिले ०.१ ग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे २.८ मिलिग्रॅम. ही कमाल क्षमता नव्हे. तिच्यासाठी कमी ते खूप जास्त अशी अनेक प्रमाणं घेऊन, प्रत्येक बाटली पूर्ण स्थिरावू देऊन लँगम्युअरचं वक्र (पाण्यातल्या रंगाचं प्रमाण आणि चिकटलेला रंग यांचं नातं सांगणारं) बसवावं लागतं. इथे एक कळकळीची सूचना. समीकरण सरळ रेषेत वळवून घेण्याऐवजी मूळ वक्रच संगणकावर बसवा. आणि अधिशोषणाच्या वेगासाठी नेहमी वापरलं जाणारं छद्म-द्वितीय कोटीचं समीकरण ०.९९ च्या आर-वर्गाने जुळलं म्हणून रासायनिक बंध झाला असा निष्कर्ष काढू नका. स्थिरावल्यानंतरचे बिंदू भरपूर असले की ते समीकरण जवळजवळ नेहमीच जुळतं.

मात्रा किती वाढवावी, तर लिटरला ०.२५ पासून २ ग्रॅमपर्यंत पाहा. एका मर्यादेनंतर पाणी इतकं दुधाळ होतं की प्रकाश आत पोचत नाही आणि वेग उलट घटतो. तो वळणबिंदू दिव्यावर आणि भांड्याच्या खोलीवर ठरतो. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलून चालत नाही.

रंग गेला, पुढे काय

मेथिलीन ब्लू क्षपणाने, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळून, रंगहीन रूपात जातो आणि हवा लागली की परत निळा होतो. म्हणून शेवटचा नमुना उघड्या भांड्यात हलवून तासाभराने पुन्हा मोजा. फक्त ६६४ चा आकडा न घेता २०० ते ८०० नॅनोमीटरचा पूर्ण वर्णपट काढा. शिखर ६६४ वरून हळूहळू डावीकडे सरकत असेल तर रेणूवरचे मेथिल गट निघत आहेत, मधला सांगाडा अजून शाबूत आहे. २०० ते ३०० च्या पट्ट्यातली शोषकता कमी झाली नसेल तर सुगंधी (अॅरोमॅटिक, म्हणजे बेंझिनसारखी) वलयं पाण्यातच आहेत.

खरी कसोटी टीओसीची, म्हणजे पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनची. रंग ९५ टक्के गेला आणि कार्बन थोडाच घटला, असं बऱ्याचदा होतं, कारण रंग जायला रेणूचा एकच बंध तुटणं पुरतं. अॅझो रंगांबाबत, म्हणजे दोन नायट्रोजनांच्या दुहेरी बंधाने जोडलेल्या रंगांबाबत, जास्त सावध राहावं लागतं. त्यांचे तुकडे सुगंधी अमाइनचे असू शकतात आणि त्यातले काही मूळ रंगापेक्षा विषारी असतात. टीओसीची सोय नसेल तर सीओडी, म्हणजे सेंद्रिय पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला किती ऑक्सिजन लागतो याची रासायनिक चाचणी, करा. खारट पाण्यात क्लोराइडमुळे सीओडी फुगून येतो, तो मर्क्युरिक सल्फेटने आवरावा लागतो. जोडीला बियांची उगवण किंवा डॅफ्निया या छोट्या जलचराची चाचणी घेतली तर पाणी सजीवांना सोसेल का याचा थेट अंदाज येतो. झिंक ऑक्साइड वापरलं असेल तर विरघळलेलं जस्त मोजल्याशिवाय ते पाणी स्वच्छ म्हणू नये.

दृश्य प्रकाशात चालणारा उत्प्रेरक केल्याचा दावा करायचा असेल तर रंगावर थांबू नका. रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, इलेक्ट्रॉन कणाला देतो आणि त्यातच मोडतो. फिनॉल किंवा सॅलिसिलिक आम्लासारखा बिनरंगी पदार्थ त्याच प्रकाशात तुटला, तरच दावा टिकतो.

खऱ्या सांडपाण्यावर

बीकरमधले आकडे इथे खाली येतात. रंगाईच्या पाण्यात मीठ किंवा सोडियम सल्फेट भरपूर, पीएच बहुधा १० च्या पुढे, शिवाय साबण, खळ, तंतू. क्लोराइड आणि बायकार्बोनेट हे हायड्रॉक्सिल मूलकांना, म्हणजे प्रकाशाने तयार होऊन रेणू तोडणाऱ्या घटकांना, रंगाआधी गाठतात, साबणाचे रेणू कणांचा पृष्ठभाग व्यापतात. म्हणून नॅनोकण पहिल्या टाकीत घालणं म्हणजे ते वाया घालवणं. आधी गाळ बसवा, तुरटी किंवा लोहक्षाराने साकळवा, पीएच ७ ते ८ ला आणा, जैविक प्रक्रिया असेल तर ती होऊ द्या, आणि उरलेल्या रंगासाठी शेवटच्या टप्प्यावर ऑक्साइड वापरा. पाण्याचा थर उथळ ठेवा, अतिनील किरण गढूळ पाण्यात फार खोल जात नाहीत.

मोकळी पावडर मोठ्या टाकीत परत गोळा करणं जवळपास अशक्य असतं. काचेवर किंवा मण्यांवर बसवलेला थर वेगाने कमी पडतो, पण पाण्यासोबत वाहून जात नाही. मोठ्या प्रमाणावर मी तोच निवडेन. फेरवापर तपासताना प्रत्येक फेरीनंतर पावडर धुऊन, वाळवून, वजन करूनच पुढच्या फेरीत घाला आणि वजन घटलं असेल तर द्रावणही त्या प्रमाणात कमी घ्या. नाहीतर सांडलेल्या पावडरीमुळे झालेली घट उत्प्रेरक थकल्याची म्हणून नोंदवली जाते. अधिशोषक पुन्हा ताजा करायला इथेनॉल किंवा सौम्य अल्कली चालते, पण त्या धुवणात आता सगळा रंग एकवटलेला असतो आणि तो मोरीत ओतला तर एवढा सगळा खटाटोप फुकट. ते धुवण घातक द्रव कचऱ्याच्या कॅनमध्ये जमा करा. थकलेली पावडर ओली असतानाच बंद डब्यात भरा, डब्यावर ऑक्साइडचं आणि रंगाचं नाव लिहा आणि घातक रासायनिक कचरा म्हणूनच पुढे द्या.